बाहेर पडायचं बटण

चि. कुंचलीस,

अनेक आशीर्वाद. (मागच्या दोन वर्षं सात महिन्यांचे पाठवायचे राहिले होते, तेही यातच धरून चालावे.) ऑफिसात आता तुला सगळे नावाने हाक मारतात, तेव्हा कुंचली म्हणू नका, असं तू एकदा बजावलं होतंस. पण हे पत्र तुझ्या ऑफिसातलं कोणी वाचणार नाही आणि चाळीस वर्षं ब्रश धरलेल्या माणसाला पोरीसाठी दुसरं लाडाचं नाव सुचलं नाही, त्याला इलाज नाही. पत्राला कारण आहे, पण ते जरा वळणावळणाने येणार आहे, म्हणून आधी खुशाली उरकतो. इकडे आम्ही दोघंही बरे आहोत. तुझ्या आईचा गुडघा आणि माझा स्वभाव सोडला तर घरात दुखण्यासारखं काही नाही. तुझी पाठ कशी आहे? दुखते असं आईला म्हणालीस. (मला म्हणाली नाहीस, पण तुमचा फोन चालू असताना मी तिथेच दीड हातावर वर्तमानपत्र उलटं धरून बसलेला असतो.) खुर्ची बदलून घे. लाजू नकोस.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. आपला फोन मी नीट तपासून पाहिला आहे. दर रविवारी तू आईशी पंचवीस-तीस मिनिटं बोलतेस, मग ‘बाबांना दे’ म्हणतेस, आणि मग आपलं बोलणं होतं ते असं: जेवलात का, जेवलो, तू जेवलीस का, जेवले, हवा कशी आहे, बरी आहे, ठेवू का, ठेव. एका रविवारी मी चुकून हवेचं आधी विचारलं, तर दोघांचाही गोंधळ उडाला आणि कोण जेवलं कोण नाही हे शेवटपर्यंत कळलं नाही. मला जे सांगायचंय ते एवढ्या जागेत बसण्यासारखं नाही. म्हणून चांगला जाड कागद आणला, शाई भरली आणि बसलो.

तर आता बातमी. बसून वाच. मी कॉलेजात जातो. वय अठ्ठावन्न, हजेरी क्रमांक एकतीस. एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, पडद्यावरची मांडणी शिकवतात, म्हणजे तुझंच काम. तुला कळू द्यायचं नाही अशी आईला सक्त ताकीद होती आणि तिने ती पाळली, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. प्रवेश घ्यायला गेलो तेव्हा खिडकीतल्या बाई म्हणाल्या, पालकांनी बाहेर बाकावर बसावं, विद्यार्थ्याला आत पाठवा. मी बाहेर गेलो, बाकावर टेकलो, पुन्हा उठून आत आलो आणि म्हणालो, पाठवला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, अर्जाकडे पाहिलं, आणि जन्मतारखेवर बोट ठेवून विचारलं की ही चूक तर नाही ना. मी म्हणालो, तारखेत चूक नाही, बाकीचं बघू.

लोकांना मी सांगतो की बोर्ड रंगवायचं काम आटलं म्हणून शिकायला लागलो. ते खोटं नाही. आता सगळे बोर्ड यंत्रातून छापून येतात आणि त्यावरची अक्षरं अशी फुगलेली असतात की त्यांना डॉक्टरकडे न्यावंसं वाटतं. पण खरं कारण वेगळं आहे. तू काय काम करतेस ते मला कोणाला सांगताच येत नव्हतं. कोणी विचारलं की मी म्हणायचो, पोरगी बटणं काढते. शेजारच्या टेलरने वर्षभर हे मोठ्या आदराने ऐकून घेतलं आणि एक दिवस विचारलं, दोन भोकांची की चार? मी म्हणालो, विचारून सांगतो. (विचारलं नाही. हवा आणि ‘ठेवू का’ यांच्या मध्ये भोकं कुठे घालणार?) त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली. आपली पोरगी दिवसभर काय करते हे बापाला माहीत नाही आणि टेलरला निदान शंका तरी येते.

वर्गातले सर तुझ्याच वयाचे आहेत. ते मला काका म्हणतात, मी त्यांना सर म्हणतो, आणि कोणी कोणाला भ्यायचं हे अजून ठरलेलं नाही. माझ्या शेजारी एक चष्मेवाली मुलगी बसते. (तिने पहिल्याच दिवशी नाव सांगितलं होतं, मी विसरलो, आणि आता विचारायची सोय राहिली नाही.) माझं कॉम्प्युटरचं सगळं शिक्षण तिने केलं. कपाळावरचे केस ती हाताने मागे घेत नाही, खालचा ओठ पुढे काढून फुंकरीने उडवते. तू उडवायचीस तसेच. पहिले काही दिवस मी तिच्या बाजूला बघायचंच टाळलं आणि तिला वाटलं, काका चिडके आहेत. तेही बरोबरच होतं म्हणा.

शेवटच्या सहा आठवड्यांत सरांनी प्रकल्प दिला. कुठलाही एक जुना व्हिडिओ गेम घ्यायचा आणि त्याचा मेन मेनू, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधी पडद्यावर बटणांची जी यादी येते ती, नव्याने मांडायची. तीही आपल्या भाषेत. जन्मात न खेळलेल्या माणसालाही ती कळली पाहिजे. शेवटी चार-पाच माणसांना समोर बसवून चाचणी घ्यायची, आणि मग बाहेरचे परीक्षक येणार. पोरांनी पटापट खेळ निवडले, एकेकाला वीस-वीस ठाऊक. मला एकच ठाऊक होता. तुझा टेकडीचा.

ठाऊक म्हणजे काय, तेही सांगतो. मी खोलीच्या दारात आलो की तू काहीतरी दाबायचीस आणि पडद्यावर ती टेकडी यायची. टेकडी, तिच्यावर एक वाकडं झाड, डाव्या बाजूला इंग्रजीत पाच शब्द. मी दारातून हलेपर्यंत तू तशीच बसून राहायचीस. त्यामुळे नऊ वर्षं माझी अशी समजूत होती की खेळ तो एवढाच आहे, आणि आपली पोरगी रोज दोन तास एका टेकडीकडे टक लावून बसते. (पाचवीत असताना तुला काही होत नसताना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं, ते यामुळे. त्यांनी नजर उत्तम आहे म्हणून सांगितलं तेव्हा मला जास्तच काळजी वाटली होती.) आता कळलं की मी आलो म्हणून तू खेळ थांबवायचीस. म्हणजे तुझ्या त्या खेळाचा मला फक्त दर्शनी भाग माहीत. सर म्हणाले, काका, मेनूसाठी तेवढं पुरे.

तुझं खेळाचं यंत्र आईने उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळून कपाटावर ठेवलं होतं. ते टीव्हीला जोडायला माझी एक अख्खी सकाळ गेली. ज्या माणसाने नऊ वर्षं त्याचा प्लग फक्त उपटला, त्याला तो लावायचा कुठे हे कसं माहीत असणार? शेवटी टेकडी आली. आई म्हणाली, अगंबाई, तीच ही. आम्ही दोघं लग्नाच्या जुन्या फोटोसमोर उभं राहावं तसे तिच्यासमोर उभे राहिलो.

पहिल्याच आठवड्यात सर म्हणाले, पुढच्या तासाला प्रत्येकाने वायरफ्रेम आणायची. मला फार आनंद झाला. वर्गात रोज दहा नवे शब्द, त्यात हे एक काम मला येणारं. हार्डवेअरच्या दुकानातून जाड तार आणली, पक्कडीने वाकवली, कोपऱ्यांना डाग दिला आणि तीन फूट बाय दोन फुटांची फक्कड चौकट तयार केली. आत पाच बटणांच्या पाच आडव्या पट्ट्या, त्याही तारेच्याच. बसमध्ये ती कुठे मावेना, म्हणून गळ्यात घालून उभा राहिलो. (कंडक्टरने तिच्या आतूनच तिकीट दिलं.) वर्गात पोचल्यावर समजलं की वायरफ्रेम म्हणजे नुसत्या रेघांचा कच्चा आराखडा, आणि तो वहीच्या कागदावरही चालतो. कोणी हसलं नाही, ते मला जास्त लागलं. सरांनी चौकट हातात घेऊन बराच वेळ फिरवून पाहिली आणि म्हणाले, काका, प्रमाण मात्र अगदी बरोबर आहे. ती अजून वर्गाच्या भिंतीवर टांगलेली आहे. नवीन मुलांना वायरफ्रेम शिकवताना सर तिच्याकडे बोट दाखवतात आणि सांगतात, ही नव्हे.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी सहज विचारलं, काका, ‘न्यू गेम’ दाबल्यावर पुढे काय होतं? मला माहीत नव्हतं. मी कधी दाबलंच नव्हतं. तीन आठवडे मी दाराला रंग देत होतो आणि दार उघडून बघायचं मनातही आलं नव्हतं. त्याच दुपारी घरी येऊन दाबलं. टेकडीच्या पायथ्याशी एक लहानसा माणूस येऊन उभा राहिला. मी वाट पाहिली. तोही उभाच. आई म्हणाली, अहो, काहीतरी करा. मी म्हणालो, आधी त्याला काय हवंय ते सांगू दे. पाच मिनिटांनी तो कंटाळून गवतावर बसला. मग आम्ही तिघंही बसलो. वारा सुटला होता, गवत हलत होतं, लांब कुठेतरी घंटा वाजत होती. तुझी आई म्हणाली, किती शांत आहे हो, पोरगी इथे येऊन बसायची होय! मला फार वाईट वाटलं, ते इथेच लिहून टाकतो. वीस मिनिटं आम्ही त्या माणसाला कुठेही नेलं नाही, आणि मग प्लग न काढता, रीतसर बटण दाबून खेळ बंद केला.

शब्दांचं काम मात्र मी कोणाला करू दिलं नाही. दुसरं मी आयुष्यभर केलंय काय? ‘न्यू गेम’चं चष्मेवालीने ‘नवीन खेळ’ केलं होतं, ते मी ‘नवा डाव’ केलं. ‘कंटिन्यू’ला ‘पुढे चालू’. ‘ऑप्शन्स’ला सर ‘पर्याय’ म्हणाले. मी म्हणालो, सर, इथे आवाज लहान-मोठा करायचाय, उजेड कमी-जास्त करायचाय, याला आमच्या घरी आवडीनिवडी म्हणतात. त्यांनी मान्य केलं. ‘क्रेडिट्स’पाशी मी थबकलो. तिथे खेळ बनवणाऱ्यांची नावं असतात म्हणे. मी प्रत्येक बोर्डाच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, बारीक अक्षरांत माझं नाव टाकत आलोय (गिऱ्हाईक दुसरीकडे बघत असताना), त्यामुळे हे बटण मला एकदम घरचं वाटलं. त्याला ‘हातभार’ नाव दिलं आणि मग दाबून सगळी नावं वाचली. दोनशे अकरा आहेत. त्यांत तुझं नाव नाही. (खेळ निघाला तेव्हा तू आठ वर्षांची होतीस, हे मला कळतं. तरी शेवटपर्यंत वाचली.)

राहिलं ‘क्विट’, खेळातून बाहेर पडायचं बटण. आणि इथे सगळं घोडं अडलं. सरांच्या नमुन्यात ‘बाहेर पडा’ होतं. हे शब्द मी आयुष्यात एकदाच रंगवलेत, एका कारखान्यात, आग लागली तर पळायच्या दारावर, लालभडक रंगात. ‘निर्गमन’ लिहावं तर सरकारी कचेरी. ‘समाप्त’ लिहावं तर कोणीतरी गेल्यासारखं वाटतं. चष्मेवाली म्हणाली, ‘सोडा’ कसं? मी ‘सोडा’ शंभरदा रंगवलाय, पण थंड पेयांच्या दुकानावर, बाटलीच्या चित्रासकट. शेवटी सगळ्या वर्गाने मिळून ‘बंद करा’ ठरवलं. सरळ, सोपं, कोणालाही कळणारं. घरी येऊन पत्र्यावर काढायला घेतलं. (हो, मी अजूनही आधी ब्रशने पत्र्यावर काढतो आणि मग त्याचा फोटो चष्मेवाली कॉम्प्युटरात घालते.) ‘बंद क’ इथपर्यंत आलो आणि हात थांबला. ते वाक्य माझंच होतं. बंद कर ते! पुढच्या खोलीतून, हातात ब्रश, नऊ वर्षं, रोज. तुझ्या त्या टेकडीवर माझा एवढाच आवाज पोचत असणार. तो पुन्हा स्वतःच्या हाताने बटणावर लिहायची माझी छाती झाली नाही. ओला होता तोवर फडक्याने पुसून टाकला.

मग सुचलं. आपल्यात दारातून निघताना ‘जाते’ कोण म्हणतं? निघणारं माणूस ‘येते’ म्हणतं, घरातलं माणूस ‘ये हं’ म्हणतं, आणि ती जातेय हे दोघांनाही पक्कं ठाऊक असतं. दुकानांच्या काचेवरही मी बाहेरून ‘या’ आणि आतून ‘पुन्हा या’ असंच रंगवत आलो. तेव्हा बटणावर ‘येते’ लिहायचं, आणि ते दाबलं की पडदा काळा होऊन मधोमध उमटणार, ‘ये हं’. वर्गात मांडलं तर एकच कल्ला झाला. पोरं म्हणाली, खेळणारा मुलगा असला तर? ‘येतो’ नको का? सर म्हणाले, ‘येतो/येते’ करा, मध्ये तिरकी रेघ. मी म्हणालो, तिरक्या रेघा अर्जात असतात, दारात नसतात. चष्मेवालीने ‘येऊ का?’ सुचवलं, त्याने दोघांचीही सोय होते. पण मग बटणच परवानगी मागणार, आणि देणार कोण? शिवाय सरांचं म्हणणं पडलं की अनोळखी खेळाडूला ‘ये’ म्हणणं बरं नव्हे, ‘या’ म्हणावं. दोन दिवस वाद चालला. शेवटी मी ‘येते’च ठेवलं आणि ‘ये हं’च ठेवलं. कारण विचारलं तेव्हा सांगितलं नाही, तुला सांगतो. तो खेळ खेळणारी मला एकच व्यक्ती माहीत होती.

चाचणीला पहिली तुझी आई बसली. मी म्हणालो, आता खेळ बंद करून दाखव. ती ‘येते’पर्यंत बाण घेऊन गेली आणि थांबली. म्हणाली, आत्ता तर टेकले, लगेच कसं म्हणू? आणि टेकडीकडे बघत बसून राहिली. चाचणीच्या कागदावर ‘काम पूर्ण होण्यास लागलेला वेळ’ असा रकाना आहे, त्यात मी एक तास दहा मिनिटं लिहिलं. टेलरने बटणाला हातच लावला नाही. हे बायकांचं आहे, म्हणाला, मी कसं दाबू? (तुझ्या बटणांचा प्रश्न मात्र मी त्याला तेव्हाच समजावून दिला. भोकं नसतात हे ऐकून त्याचा तुझ्या कामाबद्दलचा आदर थोडा कमी झालेला दिसला.) कॉलेजच्या शिपायाने दाबलं, ‘ये हं’ वाचलं, सवयीने ‘हो’ म्हणाला आणि खरंच उठून गेला. त्यातल्या त्यात यशस्वी चाचणी तीच.

मग परीक्षक बाई आल्या. पांढरे केस, सरळ पाठ, लाल पेन. पाचही बटणांवरून त्यांनी नजर फिरवली, आणि खाली ‘येते’ दिसल्यावर त्यांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, हेच आत शिरायचं बटण. मी आलेय, मला घ्या, अशा अर्थाचं. दाबलं. पडदा काळा झाला आणि मधोमध उमटलं, ‘ये हं’. बाईंना वाटलं, स्वागत झालं, आता काहीतरी सुरू होईल. हात जोडून दोन मिनिटं थांबल्या. सरांनी घाम पुसत खेळ पुन्हा सुरू करून दिला. बाईंनी पुन्हा ‘येते’ दाबलं. पुन्हा काळोख, पुन्हा ‘ये हं’. तिसऱ्यांदा तसंच झाल्यावर त्यांनी लाल पेन उघडलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “हा खेळ मला आत येऊ देत नाही, आणि वर ये म्हणतोय.” वर्ग हसला. मीही हसायला लागलो, आणि हसता हसता मध्येच उठलो. खोकल्याचं निमित्त करून पाणी प्यायला बाहेर गेलो आणि नळापाशी बराच वेळ उभा राहिलो.

कारण त्या बाईंनी माझंच वर्णन केलं होतं. कुंचले, आता मुद्द्याचं लिहितो, वळणं संपली. तुला नोकरी लागल्याचं मला कळायच्या आधी, त्याच आठवड्यात मी दुकानाचा बोर्ड नव्याने रंगवला होता. माझ्या नावापुढे ‘आणि कन्या’. कोणालाही न विचारता, विशेषतः कन्येला न विचारता. तू तो पाहिलास आणि हसलीस, आणि मग म्हणालीस की बाबा, मला काम मिळालंय, लांब आहे. मला वाटलं, तू बोर्डाला हसलीस. (आता वाटतं, तुला तो आवडला होता. विचारायला तेव्हा तोंड उघडायला हवं होतं.) पुढचे नऊ दिवस मी जेवणापुरता घरात आणि बाकी दुकानात राहिलो. दहाव्या दिवशी तू बॅग खांद्यावर घेऊन दुकानाच्या दारात आलीस आणि म्हणालीस, “येते हं बाबा.” आणि मी, अर्ध्या गावाच्या काचांवर ‘पुन्हा या’ रंगवलेला माणूस, ब्रश न थांबवता, मान वर न करता म्हणालो, “जा.”

तू थोडा वेळ उभी होतीस. मला तुझी सावली पत्र्यावर दिसत होती. मग ती गेली. मला ‘ये’ म्हणायचं होतं. चाळीस वर्षांत माझ्या हातून अक्षरं चुकलीच नाहीत असं नाही, पण चुकलं की मी ओलं असतानाच पुसायचो. एवढं एक मी वाळू दिलं. त्यानंतर तू दोनदा सुट्टीत येते म्हणालीस आणि आली नाहीस, काम निघालं म्हणालीस, आणि मी फोनवर हवा विचारली. मला तुझी फार आठवण येते. मी दुपारी ती टेकडी लावून बसतो, त्या माणसाला गवतावर बसू देतो, आणि वाटतं की तू आत कुठेतरी आहेस आणि मी दारात आलो म्हणून थांबून राहिली आहेस. असो. अठ्ठावन्नाव्या वर्षी हे लिहायला एवढी शाई लागेल असं वाटलं नव्हतं. पाठीला जप, जेवण टाळू नकोस, आणि चष्मेवालीने तुला नमस्कार सांगितलाय. तिला तुझं नाव मी सांगितलंय, माझी पंचाईत फक्त तिच्या नावाची आहे.

तुझे,
बाबा
(हजेरी क्रमांक एकतीस)

ता. क. – एक राहिलंच. सरांनी दुरुस्तीसाठी मला एक महिना वाढवून दिलाय, पण अट अशी की ज्याने हा खेळ अगदी शेवटपर्यंत खेळलाय अशा माणसाला समोर बसवून पुन्हा चाचणी घ्यावी. असं माणूस इकडे कोणी सापडत नाही. तुला चार दिवस सुट्टी काढता आली तर माझ्या अभ्यासाला मोठी मदत होईल. निव्वळ अभ्यासाच्या दृष्टीने म्हणतोय.

दुसरं ता. क. – आईने पत्र वाचलं. म्हणाली, बाकी सगळं खरं लिहिलंत आणि शेवटी पोरीला थाप कशाला मारता? तर, दुरुस्ती वगैरे काही नाही. प्रकल्प तीन आठवड्यांपूर्वीच संपला. पास झालो, मार्क बेताचे आहेत. बाईंनी लाल पेनने शेरा दिलाय: ‘शब्द सुंदर, पण माणूस आत येतंय की बाहेर जातंय याचा पत्ता लागत नाही.’ माझं तुझ्याकडे कामाचं असं काहीही नाही. तू यावीस एवढंच आहे.

तिसरं ता. क. (पेन्सिलने लिहितोय, अक्षराला हसू नकोस) – पाकिटावर पोस्टाचा शिक्का नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. पोस्टाच्या पेटीपर्यंत तीनदा गेलो आणि तीनदा परत आलो. तुला ये म्हणून लिहायचं आणि आपण घरी बसून राहायचं, हे काही बरं वाटेना. आज रविवार, सकाळचे साडेदहा झालेत. मी तुझ्या जिन्यात, वरून तिसऱ्या पायरीवर बसलोय. तुझी आई खाली बाकावर आहे, तिचा गुडघा जिना चढू देईना. मघाशी आत नळ सोडल्याचा आवाज आला, म्हणजे तू घरात आहेस. पत्र दाराखालून सरकवतो. तुला वेळ हवा असेल तर घे, मी बसतो. आणि सगळं वाचून मगच दार उघडलं पाहिजे, असं काही नाही. (हे वर लिहायला हवं होतं.)